फायबर नेट आणि राउटर : एक अख्खा पावसाळा काढल्यानंतर

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही घरचं नेट बदललं. मधे उन्हाळा, वळीव, पावसाळा, गणपती सगळं होऊन गेलं, म्हणून आता लिहिते. पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या अनुभवाला फारसा अर्थ नसतो. तेव्हा सगळ्यांचंच नेट छान चालतं, आणि जोडून देणारा मुलगा राउटरला चिकटून उभा राहून मोबाइलवर स्पीड दाखवून जातो.

आधी घर सांगते, कारण बरंच काही त्यावर ठरतं. कोथरूडमधली जुनी सोसायटी, चार मजले, लिफ्ट नाही. टू बीएचके, भिंती नऊ इंची विटांच्या. मी घरूनच जीएसटीची आणि हिशोबाची कामं करते, त्यामुळे ११ आणि २० तारखेला नेट गेलं तर माझे हातपाय गळतात. नवऱ्याचे दिवसभर कॉल, सासूबाईंच्या मालिका नेटवरच्या टीव्हीवर, मुलगा बारावीला. म्हणजे गरज मोठ्या स्पीडची नाही, पण नेट गेलं की घरातले चारही जण एकाच वेळी माझ्याकडे बघतात.

आधीचं कनेक्शन एका मोठ्या कंपनीचं होतं. चालू असायचं तेव्हा उत्तम. सांगितलेला स्पीड मिळायचा, बिल वेळेवर, ॲप चकचकीत. बंद पडलं की खरी गंमत. ॲपवर तक्रार टाकायची, डॉकेट नंबर यायचा, आणि संध्याकाळी कोणीही न फिरकता ‘आपली तक्रार सोडवली आहे’ असा मेसेज यायचा. फोन केला तर राउटर बंद करून चालू करा. अहो, एलओएसचा लाल दिवा लागलाय म्हटलं तरी बंद करून चालू करा. लाल दिव्याचा अर्थ बाहेरून काचेच्या तारेतून येणारा प्रकाशच घरातल्या फायबरच्या डब्यापर्यंत (मोडेमपर्यंत) पोचत नाहीये. तार कुठेतरी तुटली, दुमडली किंवा निसटली आहे. घरात बसून बटण दाबल्यानं ती जोडली जात नाही.

इथे एक कामाची गोष्ट. तक्रार अशी परस्पर बंद केली तर तोच डॉकेट नंबर घेऊन त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीला ही व्यवस्था ठेवावी लागते. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, त्यामुळे तिकडे लांबलचक मेल लिहून वेळ घालवू नका. मी अपील केलं तेव्हा माणूस आला, बंद दिवसांचे पैसेही वळते झाले. पण दर वेळी अपील करून नेट चालू करून घ्यायचं असेल तर ते नेट काय कामाचं!

म्हणून या वेळी प्लॅनचे तक्ते बाजूला ठेवले आणि सोसायटीत चौकशी केली. स्पीड किती मिळतो हे विचारलंच नाही. शेवटचं कधी बंद पडलं, आणि माणूस किती वेळात आला, एवढंच विचारलं. तळमजल्यावरच्या काकांनी एका स्थानिक केबलवाल्याचं नाव सांगितलं. त्याचं ऑफिस दोन गल्ल्या सोडून, आणि दुरुस्ती करणारा मुलगा जवळच राहतो. निवड तिथेच झाली.

पैशांचं म्हणाल तर १०० एमबीपीएसला दोन्हीकडे फार फरक नव्हता. फक्त जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरा. ६९९ चे सव्वाआठशे होतात. कामासाठी वापरत असाल आणि नोंदणी असेल तर बिलावर आपला जीएसटी नंबर टाकून घ्या. (आमच्या केबलवाल्याकडून रीतसर बिल मिळवायला मला दर वेळी आठवण करावी लागते. मोठ्या कंपनीत हा त्रास नव्हता, हे कबूल.) ‘अमर्याद’ प्लॅनच्या बारीक अक्षरांत बऱ्याचदा महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. साध्या घरात तेवढं संपत नाही. ओटीटीच्या फुकट वर्गण्यांवरून नेट निवडणाऱ्यांना मी काही सांगू शकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हता. ‘फायबर’ म्हणून विकलेलं प्रत्येक कनेक्शन घरापर्यंत फायबर नसतं. आमच्या शेजारच्या विंगमध्ये फायबर गच्चीवरच्या एका पेटीपर्यंत येतं, तिथे विजेवर चालणारा स्विच (नेट अनेक तारांत वाटणारा डबा) आहे, आणि तिथून प्रत्येक घरात तांब्याची लॅन केबल सोडलेली. स्पीड मोजला तर फरक कळत नाही. कळतो तो दोन वेळी. एक, वीज जाते तेव्हा. तुमच्या घरात इन्व्हर्टर असला तरी गच्चीवरचा स्विच झोपतो आणि नेट गेलंच. दुसरी वेळ वळवाच्या पावसाची. मे महिन्यात एका संध्याकाळी आभाळ असं काही कडाडलं, की त्या विंगमधल्या दोन-तीन घरांतले राउटरचे पोर्ट (तार लावायच्या जागा) जळाले, एकाचा त्याला जोडलेला टीव्हीसुद्धा. गच्चीवरून उतरणारी तांब्याची तार विजेचा दणका थेट घरात आणते. काचेच्या तारेतून वीज वाहत नाही. आमच्या विंगमध्ये त्या संध्याकाळी काहीच झालं नाही.

तेव्हा जोडणीच्या आधीच विचारा, घरात येणारी तार कसली? बारीक, बहुतेक काळी चपटी तार आणि टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी कनेक्टर असेल तर फायबर. टेलिफोनच्या पिनेसारखी पण थोडी मोठी, पारदर्शक पिन असेल तर लॅन. आमच्याकडे आलेला मुलगाही आधी लॅनच ओढणार होता. ‘ताई, स्पीड तेवढाच येतो, काय फरक पडतो?’ मी म्हटलं, ‘अरे, फरक पडत नसेल तर फायबरच ओढ ना.’ हसला आणि ओढली.

घरापर्यंत खरं फायबर असेल तर बहुधा जीपॉन नावाची पद्धत असते. ऑफिसातून निघालेली एक तार वाटेत स्प्लिटरनं ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. स्प्लिटरला वीज लागत नाही, तो नुसता प्रकाश विभागतो. सगळ्यांत मिळून खाली यायला जवळपास अडीच गिगाबिट आणि वर जायला सव्वा गिगाबिट. १०० एमबीपीएसवाली ३२ घरं एकाच वेळी पूर्ण स्पीड क्वचितच ओढतात, त्यामुळे तार अपुरी पडायचं सहसा कारण नाही. तरीही आमचं नेट रात्री नऊच्या सुमारास मंदावतं. त्याचं कारण तार नाही. केबलवाल्यानं वरच्या कंपनीकडून घेतलेली बँडविड्थ त्याच्या गिऱ्हाइकांना त्या वेळी पुरत नाही. आयपीएलच्या दिवसांत हे ठळकपणे दिसलं, १०० चे तीसपर्यंत आले. मालिका अडकली नाही, कॉलही तुटले नाहीत, पण मोठी फाइल उतरवायला जेवण होईपर्यंत थांबावं लागलं. मोठ्या कंपनीकडे हा प्रकार मला कधी दिसला नव्हता. म्हणून चाचणी घ्यायची तर शेजाऱ्याच्या घरी रात्री नऊला घ्या, आणि स्पीड टेस्टमध्ये आपोआप निवडलेला सर्व्हर बदलून दुसऱ्या कंपनीचा घ्या. आपल्याच कंपनीच्या सर्व्हरवर सगळेच हुशार असतात.

दुरुस्तीचा अनुभव मात्र जसा हवा होता तसाच. जुलैत झाडाची फांदी पडून रस्त्यावरची तार तुटली. सकाळी फोन केला, दुपारी रेनकोट घातलेला मुलगा शिडीवर. गणपतीच्या मिरवणुकीआधी आडव्या वायरी काढल्या तेव्हा आमचीही गेली. तेव्हा त्यानं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. आणि एकदा काहीच तुटलेलं नसताना नेट येत-जात होतं. त्यानं खिशातून पॉवर मीटर काढून तार लावली. जोडणीच्या दिवशी उणे २० डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं माप) होते, आता उणे २८. जीपॉनच्या डब्याला साधारण उणे २७ पर्यंत प्रकाश पुरतो. त्याखाली गेलं की असा लपंडाव सुरू होतो. रंगकाम करणाऱ्यांनी कपाट सरकवताना तार मागे काटकोनात दाबली होती. कपाट चार बोटं पुढे घेतलं, आकडा जागेवर आला. हा आकडा बऱ्याच डब्यांच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ म्हणून दिसतो. जोडणीच्या दिवशीच लिहून ठेवा, पुढे भांडायला उपयोगी पडतो. आणि हिरवा कनेक्टर निळ्या जागी खुपसू देऊ नका. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, दोन्ही नीट टेकत नाहीत आणि प्रकाश वाया जातो.

राउटरकडे येते. कंपनीचा फुकट डबा दाराशी, चपलांच्या स्टँडवर बसवायची प्रथा आहे, कारण तार तिथे संपते. तसं करू दिलं नाही. फायबरचा डबा दाराशी राहू दिला, तिथून पॅसेजच्या मध्यापर्यंत एक कॅट सिक्सची केबल पट्टीतून ओढून घेतली आणि तिथे उंचावर स्वतःचा राउटर लावला. टीपी-लिंकचा आर्चर सी६ घेतला. त्याच कंपनीचा सी५० स्वस्त पडतो आणि खोक्यावर दोन्हीकडे ‘एसी १२००’च लिहिलेलं असतं, पण सी५० चे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत, सी६ चे गिगाबिट. १०० च्या पोर्टवर २०० चा प्लॅन घेतलात तरी स्पीड ९४-९५ च्या पुढे सरकत नाही, आणि लोक कंपनीला शिव्या घालत बसतात. आज घेत असते तर वायफाय ६ वाला घेतला असता, किमती बऱ्याच खाली आल्या आहेत. आमच्या वापराला हाही पुरतो.

नऊ इंची भिंतींपुढे मात्र कोणाचं चालत नाही. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा जलद बँड दोन भिंती कसाबसा ओलांडतो, मागच्या बेडरूममध्ये २.४ च्या हळू बँडवरच भागवावं लागतं. २.४ वर सोसायटीतले सगळे राउटर एकमेकांवर ओरडत असतात. चॅनल १, ६ किंवा ११ यांतला कमी गर्दीचा निवडून कायमचा ठेवला, तेव्हा सुधारलं. दोन्ही बँडना वेगळी नावं दिली, कारण एकच नाव असलं की सासूबाईंचा टीव्ही हटकून हळू बँड पकडायचा. मुलाच्या खोलीत रिपीटर लावायचा आग्रह झाला होता. साधा रिपीटर घेतो आणि देतो एकाच लहरींवर, त्यात वेग निम्मा होतो. त्याऐवजी तिकडेही केबल ओढली. भिंतीवर पट्टी दिसते, दिसू दे.

स्वतःचा राउटर लावणाऱ्यांसाठी दोन अडचणी सांगून ठेवते. स्थानिक केबलवाले बहुतेक पीपीपीओई वापरतात, म्हणजे यूजरनेम-पासवर्ड लागतो. तो जोडणीच्या दिवशीच मागून घ्या. आणि त्यांच्याकडे जुन्या डब्याचा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधलेला असतो. नवा राउटर लावला की ‘मॅक मोकळा करा’ असा फोन करावा लागतो, नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही जोडत नाही. लँडलाइनही त्याच डब्यातून असेल तर डबा ब्रिज मोडवर (म्हणजे राउटरचं काम बंद करून नुसता नेट पुढे देणारा) टाकण्याआधी फोनचं काय होणार ते विचारा.

माझ्या कामातली एक खोच. एका अशिलाला माझ्या घरच्या टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) बाहेरून शिरायचं होतं. राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेरून आत यायची वाट (पोर्ट) उघडून पाहिली, जमलं नाही. राउटरवरचा पत्ता १००.६४ नं सुरू होत होता, म्हणजे सीजीनॅट. एकच खरा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अनेक घरांत वाटलेला. बाहेरून घरात थेट यायचं तर स्थिर आयपी वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. बहुतेक घरांना याची गरज नाही, आजकालचे कॅमेरे कंपनीच्या सर्व्हरमार्फत दिसतात.

राहिला गुरुवार. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारी. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला, दोन आउटपुटवाला, कारण फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही जिवंत राहावे लागतात. घेताना दोन्ही अडॅप्टरच्या पाठीवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. सगळे डबे १२ व्होल्टचे नसतात. तास-दोन तास सहज निघतात. पण एका लांबलेल्या गुरुवारी दुपारी डबा चालू, पण एलओएसचा लाल दिवा लागलेला आणि नेट गायब. फोन केला तर म्हणाला, ‘ताई, आमच्या ऑफिसची बॅटरी बसली.’ त्यावर घरी कुठलाही यूपीएस चालत नाही. त्या दिवशी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम उरकलं.

सहामाही प्लॅन या महिन्यात संपतोय. केबलवाल्यानं २०० चा घ्या म्हणून सांगितलंय, थोड्याच पैशांचा फरक आहे. मी १०० चाच ठेवतेय, आणि उरलेले पैसे त्यानं ऑफिसच्या बॅटरीत घालावेत असं त्याला सांगून आलेय.