निवासी शिबिर की घराजवळचं? काळजीपुरतं बोलायचं तर

मार्चच्या शेवटी शाळेच्या फाटकाबाहेर शिबिरांची पत्रकं वाटायला सुरुवात होते आणि आमच्यासारख्या, दोघंही नोकरी करणाऱ्यांच्या घरात विषय निघतो: यंदा मुलीला कुठे घालायचं? आम्ही दोन्ही करून बघितलं. ती नऊ वर्षांची असताना मुळशीकडचं सात दिवसांचं निवासी शिबिर, आणि पुढची दोन वर्षं घरापासून दहा मिनिटांवरचं, सकाळी नऊ ते साडेबाराचं. कुठे काय शिकवतात ते पत्रकात असतंच. मूल आपल्या नजरेआड असताना त्याच्याकडे कोण बघतं, एवढ्यापुरतंच लिहितो.

निवासी शिबिराचं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं होतं. मेचा शेवटचा आठवडा होता. मुलीने झाडभर लुकलुकणारे काजवे पाहिले, जाळीत हात घालून करवंदं काढली, सात दिवस स्वतःचं ताट स्वतः घासलं. घरी आल्यावरही महिनाभर घासत होती. मुलींच्या खोलीत रात्री दोन ताया झोपायच्या, संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा असायचा. दोरावर चढताना हेल्मेट होतं, कमरेचा पट्टा दुसरा माणूस तपासायचा. राज्य सरकारने 2021 साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. दोर, कडा, पाणी यांतलं काहीही शिबिरात असेल, तर ती नोंदणी झाली आहे का, हे फोनवर विचाराच. आम्ही विचारलं होतं आणि उत्तर सरळ मिळालं होतं.

माझं मन फिरलं ते पंपावरून.

मुलीला बालदमा आहे. तसा आटोक्यात आहे, पण चढावर आणि धुळीत धाप लागते, तेव्हा श्वास मोकळा करणारा निळा पंप, म्हणजे इनहेलर, जवळ लागतो. चार पानी फॉर्ममध्ये हे लिहिलं होतं, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली होती, बसमध्ये बसवतानाही सांगितलं होतं. तिथला नियम असा की सगळ्या मुलांची औषधं ऑफिसात जमा करायची. नियम समजण्यासारखा आहे, लहान मुलांच्या पिशव्यांत गोळ्या असू नयेत. पण चौथ्या दिवशी सगळे कोरीगडावर गेले आणि पंप खाली शिबिराच्या कपाटातच राहिला. पायऱ्यांवर तिला धाप लागली. सोबतचा दादा मनाने चांगला असावा. त्याने तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. त्याला बिचाऱ्याला पंपाचं कुणी सांगितलंच नव्हतं. बऱ्याच वेळाने ती सावरली आणि हळूहळू खाली आली.

हे मला शिबिराकडून कळलं नाही. आठ दिवसांनी तिची आई तिची वेणी घालत होती, तेव्हा मुलगीच बोलता बोलता म्हणाली. मी फोन काढून पालकांच्या ग्रुपवरचे त्या दिवसाचे फोटो पुन्हा बघितले. साठेक फोटो होते, खाली लिहिलेलं, ‘आजची गडफेरी, मुलांची धमाल!’ त्यातल्या एकात मागे, तटाच्या सावलीत, गुडघ्यांवर हात टेकून ती बसलेली दिसते. त्या दिवशी तोच फोटो मी कौतुकाने आजीला पाठवला होता.

मी आयोजकांना फोन केला. ते नम्रपणे बोलले, ‘आमची टीम सगळ्यांकडे लक्ष देते,’ म्हणाले. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. पण साठ मुलांकडे सगळेच लक्ष देतात तेव्हा या एका मुलीचा पंप कुणाच्या खिशात आहे, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. एका शिबिरावरून सगळ्यांना तोलू नये, हे मान्य. माझा अनुभव एवढाच आहे.

आता घराजवळचं. वरवर बघाल तर फार काही नाही. पत्र्याचं छप्पर असलेला हॉल, मेमध्ये अकरानंतर आत तापतं, पंखे गरम हवाच फिरवतात. मातीकाम, कागदकाम, लगोरी, लंगडी, गोष्टी. साडेबाराला सुटतं, म्हणजे कुणीतरी ऑफिसातून पळत यायचं नाहीतर शेजारच्या काकूंना गळ घालायची. ही अडचण लहान नाही. दोन वर्षं आम्ही ती रोज सोसली.

पण पहिल्याच सकाळी तिथल्या ताई फाटकाशी फुलस्केप वही घेऊन उभ्या होत्या. मुलीचं नाव ऐकताच म्हणाल्या, ‘धाप लागते ती हीच ना? पंप कुठल्या कप्प्यात ठेवलाय? मला काढून दाखव बघू.’ मुलीने दाखवला. ताईंनी विचारलं, स्पेसरने, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्याने घेते की नुसता, किती वेळा, आणि तरीही बरं वाटलं नाही तर कुणाला फोन करायचा. मग पंप एका लहान पिशवीत घालून ती पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली. टेकडीवर फिरायला गेले तेव्हाही पिशवी त्यांच्याच खांद्यावर होती.

दुसऱ्या आठवड्यात लगोरी खेळताना तिचा गुडघा फुटला. अर्ध्या तासात फोन आला, ‘काळजी करण्यासारखं नाही, धुऊन मलम लावलंय. घरी आल्यावर एकदम दिसेल, म्हणून आधीच सांगते.’ रोज सुटताना एखादं वाक्य असायचंच: आज डब्यातली भाजी तशीच आहे, आज मैत्रिणीशी बिनसलंय, दुपारी झोपू द्या. फोटो दोन वर्षांत पंधराही आले नसतील.

तेव्हा तुम्ही निवडत असाल तर माझं मत असं. मूल बारा-तेराचं असेल, आजारपण काही नसेल आणि स्वतःचं दुखणं मोकळेपणाने सांगणारं असेल, तर निवासी शिबिराला नाही म्हणू नका. डोंगरात काढलेली रात्र हॉलमध्ये मिळत नाही. मूल आठ-नऊचं असेल, किंवा दमा, फिट्स, शेंगदाण्याची अॅलर्जी, अंथरूण ओलं होणं असं काही असेल, तर मी जवळचंच निवडेन, भले ते साधं असो. आणि कुठेही घालताना एक प्रश्न नक्की विचारा: माझ्या मुलाचं औषध कुणाच्या हातात असेल? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव येतं का, तेवढं ऐका.

यंदा मुलीला बारावं पूर्ण होतंय आणि तिला पुन्हा काजवे बघायचे आहेत. चार ठिकाणी फोन केले. तीन ठिकाणी ‘टीम आहे’ असं उत्तर आलं. चौथ्या ठिकाणच्या बाईंनी मलाच उलट विचारलं, ‘रात्री खोकला येतो का तिला? पंप तिच्याचजवळ राहू दे, दुसरा एक मी माझ्याकडे ठेवते.’ त्यांचा फॉर्म भरून ठेवलाय. हॉलच्या ताईंकडेही नाव घातलंय, पहिल्या पंधरवड्यासाठी.