परदेशात फोन: इथलं रोमिंग, ई-सिम की तिकडचं सिम?

व्हिसा आला, तिकिटं झाली, मुंबई विमानतळापर्यंतची कॅबही ठरली, की उरतो फोनचा प्रश्न. पुण्यात दर उन्हाळ्यात ओळखीतलं कुणी ना कुणी मुलाकडे जर्मनीला किंवा टूरबरोबर थायलंडला निघालेलं असतं, आणि प्रत्येकाला तीन जण तीन सल्ले देतात. मी तिन्ही प्रकार वापरले आहेत. मला काय पटलं ते सांगतो. तुमचा प्रवास वेगळ्या धाटणीचा असेल तर उत्तर थोडं बदलेलही.

रोमिंग पॅकची सोय नाकारण्यात अर्थ नाही. घरबसल्या पॅक घ्या, विमानातून उतरलात की फोन सुरू. आठवड्याभराची टूर असेल, बस-हॉटेल सगळं ठरलेलं असेल आणि टूर मॅनेजर बरोबर असेल, तर हेच बरं. फक्त दोन गोष्टी बघून घ्या. पॅक तिकडच्या ठरावीक कंपन्यांच्या नेटवर्कवरच चालतो. फोन आपोआप भलत्या कंपनीला जोडला गेला तर दर वेगळा लागू शकतो, म्हणून नेटवर्क हाताने निवडलेलं चांगलं. आणि पॅकमधली मिनिटं बऱ्याचदा आलेला कॉल घेतला तरी खर्च होतात.

ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम, त्याहून सुटसुटीत. पुण्यात असतानाच, घरच्या वायफायवर क्यूआर कोड स्कॅन करून ठेवायचं आणि तिकडे पोचल्यावर चालू करायचं. नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेला आयफोन १४ किंवा त्यापुढचा फोन असेल तर बहुधा त्याला सिमचा कप्पाच नसतो. तेव्हा तुम्हाला ई-सिमच घ्यावं लागेल.

माझा कल ठरला तो मात्र एका वेगळ्याच त्रासामुळे. जर्मनीत एका छोट्या गावात आम्ही राहायला घर घेतलं होतं. मालकीणबाई किल्ली घेऊन स्टेशनवर येणार होत्या. आम्ही बॅगा घेऊन एका दाराशी उभे, त्या दुसऱ्या दाराशी. माझ्या फोनला रोमिंगची पूर्ण रेंज होती. पण त्यांच्या दृष्टीने माझा +९१ नंबर म्हणजे परदेशी कॉल. त्यांनी तो लावला नाही. मी लावला तर अनोळखी परदेशी नंबर म्हणून त्यांनी उचलला नाही. थंडीत आई-बाबांना बाकावर बसवून मी स्टेशनभर त्यांना शोधत होतो.

रोमिंगची रचनाच अशी आहे. तुमच्यापासून पन्नास पावलांवर उभ्या माणसाने +९१ नंबर फिरवला, तर कॉल आधी भारतातल्या तुमच्या कंपनीकडे येतो आणि तिथून परत तिकडे जातो. लावणाऱ्याला आंतरराष्ट्रीय कॉलचे पैसे, घेणाऱ्याला रोमिंगचे. प्रवाशांसाठीच्या बहुतेक ई-सिममध्ये तर नुसता डेटा असतो, नंबर मिळतच नाही. टॅक्सीवाला, घरमालक, दवाखान्याचं रिसेप्शन यांना तुम्हाला गाठायचं असेल तर तिकडचाच नंबर हवा. तेव्हापासून मी तिकडचं सिम घेतो, आणि फरक मला पहिल्याच दिवशी जाणवतो.

ते मिळवायला किती खटपट पडते हे देशावर आहे. बँकॉकला सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेऊन बाहेर आलात की काउंटर दिसतात. पासपोर्ट दाखवला की काउंटरवालेच सिम घालून देतात. डेटा चालू झाल्याची खात्री करूनच काउंटर सोडा. जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळख पडताळणी सक्तीची आहे. सुपरमार्केटमधलं स्वस्त सिम घेतलंत तर ही पडताळणी तुम्हालाच ऑनलाइन करत बसावी लागते. त्यापेक्षा पासपोर्ट आणि मुक्कामाचा पत्ता घेऊन मोबाइल कंपनीच्या दुकानात जावं. जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या एका देशाचं सिम संघातल्या इतर देशांतही जादा दर न लागता चालतं. स्वित्झर्लंड मात्र या नियमात नाही, आणि आपल्याकडच्या युरोप टूर तर हमखास तिकडे जातात. तेव्हा सिम घेतानाच विचारा. जपानची गोष्ट वेगळी: तिथे पर्यटकांना मिळणारी सिमसुद्धा बहुतेक नुसत्या डेटाची असतात. तिथे जाणार असाल तर सरळ ई-सिम घ्या.

राहिला ओटीपी. त्यासाठी पुण्याचं सिम काढून पाकिटात ठेवू नका. पहिल्या कप्प्यात ते, दुसऱ्यात तिकडचं. निघण्याआधी इथल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, त्याचा डेटा मात्र बंद ठेवा. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, त्यामुळे बँकेचा ओटीपी पॅक नसतानाही येतो. कॉल आले तर उचलू नका, घरच्यांशी व्हॉट्सॲपवर बोला. यूपीआय ॲपही नोंदवलेलं सिम फोनमध्ये आहे का ते बघतं. ते काढलंत तर पुन्हा पडताळणीसाठी फोनवरून एसएमएस पाठवावा लागतो, आणि परदेशातून पाठवलेल्या एसएमएसला पैसे पडतात.

एकच सिम बसणारा फोन असेल आणि मुक्काम महिन्याभराचा, तर घरातला जुना फोन बरोबर न्यावा आणि इथलं सिम त्यात ठेवावं. नवा नंबर हातात आला की पुण्यात एका माणसाला कळवा, आणि आई-बाबा बरोबर असतील तर त्यांच्या खिशात तो कागदावर लिहून द्या.