अथणीच्या द्राक्षबागेतून मोझेलच्या कड्यावर

द्राक्षं पिकवणाऱ्या माणसानं जर्मनीतलं मोझेल नदीचं खोरं एकदा तरी बघावं, असं माझं ठाम मत आहे. वाईन घेत असाल तर जाच, घेत नसाल तर नुसत्या बागा बघायला जा. आमची बाग अथणी तालुक्यात, माल बहुतेक बेदाण्याला जातो. पुतण्या फ्रँकफुर्टला नोकरीला आहे. फळछाटणी भावावर सोपवून ऑक्टोबरात मी आणि सौभाग्यवती त्याच्याकडे गेलो. तिकडे तेव्हा काढणी चालू असते.

ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा युरोपातला सगळ्यात उभा द्राक्षमळा मानतात. चढ काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत. खालून बघताना मान मागं टाकावी लागते. अशा कड्यांवर ना मांडव, ना इंग्रजी वाय आकाराचे आधार. जुन्या पद्धतीत एका वेलीला एकच खांब, आणि दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या. त्यामुळं माणसाला वर-खालीच नव्हे, आडवंही फिरता येतं. ट्रॅक्टर कड्यावर चढत नाही. एकाच रुळावरून दात्यांच्या चाकानं चढणारी छोटी गाडी असते, तीच माणसं आणि क्रेट वाहते. बांधणी इतकी नेटकी की मी वेलीपाशी बसूनच राहिलो, घरचे पुढं निघून गेले.

जमीन म्हणजे नुसता पाटीचा दगड, त्याचे कपचे पायाखाली सरकतात. मोझेल ५० अंश उत्तरेला, तिथं ऊन कमी. म्हणून दक्षिणेकडं तोंड असलेला उतार धरायचा. दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब वेलीला देतो. थंडीत वेल झोपते, वर्षात एकदाच मुख्य छाटणी. आमच्याकडं वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. उन्हासाठी दगड राखणारे शेतकरी मी पहिल्यांदा बघितले.

आता वाईन. बर्नकास्टेल-कूसच्या जवळ एका घरगुती वाइनरीत चवीला बसलो. आधी फोन करून वेळ घेतली होती, ते करायलाच हवं. मालकीणबाईंनी आधी कोरडी, मग हळूहळू गोड, अशा क्रमानं ओतली. सगळी रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाची. मी काढणीच्या वेळची रसातली साखर विचारली. त्या एक्सले या जर्मन मापाच्या अंशात सांगत होत्या, मी आपल्याकडच्या ब्रिक्समध्ये. काबिनेट या दर्जाला मोझेलमध्ये किमान ७० एक्सले लागतं, म्हणजे साधारण १७ ब्रिक्स. एवढ्या कमी साखरेवर मी बेदाण्याचा माल कधीच उतरवणार नाही. पण तिथं आंबटपणा जबर असतो, आणि सगळी चव गोड-आंबटाच्या त्या ताणावर उभी राहते. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, आणि शेवटी जिभेवर खनिजासारखं काहीतरी. गोड आहे खरी, पण पहिल्या घोटानंतर तोंड चिकट होत नाही. माझ्या मते काबिनेट हीच मोझेलची खरी ओळख.

बाटली घेताना एक खूण लक्षात ठेवा. लेबलवर ट्रोकेन असेल तर कोरडी. तो शब्द नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघा: ८ टक्क्यांच्या आसपास असेल तर साखर शिल्लक आहे, १२ असेल तर ती जवळजवळ सगळी आंबून गेली आहे. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे ही चढण काढणीच्या वेळच्या साखरेची आहे. सगळ्यात वरची ट्रोकेनबीरेनआउसलेझे वेलीवरच सुकलेल्या मण्यांची, किमान १५० एक्सले. ते मणी बोट्रायटिस बुरशीनं सुकवलेले असतात. जिच्यासाठी आम्ही फवारण्या करतो तीच बुरशी तिथं दर चढवते, हे ऐकून सौभाग्यवतीनं पुतण्याला पुन्हा विचारून खात्री करून घेतली. आइसवाईन उणे ७ अंशांत गोठलेल्या द्राक्षांची. ती मी चाखली, पण बाटलीचा दर माझ्या आवाक्याबाहेरचा.

कूसमध्ये पंधराव्या शतकातलं एक धर्मादाय इस्पितळ आहे, निकोलाउस कुझानुस या कार्डिनलनं, म्हणजे मोठ्या ख्रिस्ती धर्मगुरूनं, स्थापन केलेलं. आजही तिथं वृद्ध राहतात, आणि संस्थेच्या स्वतःच्या द्राक्षबागा आहेत. एवढ्या शतकांची ती सोय बघून मन भरून आलं.

कमी काय? बर्नकास्टेलला रेल्वे नाही. विटलिखला उतरून बस धरा, किंवा बुलायवरून ट्राबेन-ट्राबाखच्या फाट्यानं जवळ या. रविवारी दुकानं बंद, पाणी-फळं आदल्या दिवशीच घ्या. शाकाहारी माणसाला चीज, बटाटा आणि ब्रेडवर दिवस काढावे लागतात. चव घेऊन गाडी चालवू नका. शेतकरी हंगामात घरीच खानावळ उघडतात, बाहेर फांद्यांचा झुपका टांगलेला दिसला की आत शिरा. तिथं वाईन त्याच घरची असते.

परत येताना माणशी २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे दोन बाटल्या आरामात. मी एक कोरडी, एक श्पेटलेझे आणली. मटण सुक्क्याबरोबर कोरडी अगदीच हरली, तिखटानं ती आणखी आंबट लागली. श्पेटलेझेनं मात्र बेडगी-लवंगी मिरचीचा भडका छान आवरला. तिखट खाणाऱ्यांनी तीच आणावी.