स्पॅनिश-इंग्रजी पाळणाघरातील तान्ह्यांचा वर्ग: सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंतचा अनुभव

सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेकडील एका पाळणाघराच्या तान्ह्यांच्या वर्गात आमची मुलगी सहा महिन्यांची असल्यापासून जाते, आणि आता ती दीड वर्षाची होत आली आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण या भागात अशाच धर्तीची बरीच केंद्रे आहेत आणि मला लिहायचे आहे ते पद्धतीविषयी. घरी आम्ही मराठी बोलतो, तिथे स्पॅनिश आणि इंग्रजी. प्रवेश घेतला तो दुसऱ्या भाषेच्या ओढीने. इतके महिने टिकलो ते तिथल्या बाळांशी वागण्याच्या रीतीमुळे.

ही रीत मूळची हंगेरीतली. बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांनी १९४६ मध्ये बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावर निराधार बाळांसाठी एक गृह सुरू केले. आंघोळ, भरवणे, कपडे बदलणे ही कामे उरकायची नाहीत, बाळाशी बोलत आणि त्याचा प्रतिसाद पाहत करायची, आणि उरलेला वेळ बाळाला जमिनीवर मोकळे सोडायचे, असा तिथला शिरस्ता होता. १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून अमेरिकेत आलेल्या माग्दा गर्बर यांनी १९७८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये संस्था काढून तोच विचार इथल्या पालकांपर्यंत नेला. आज कॅलिफोर्नियातील कितीतरी केंद्रांच्या माहितीपत्रकावर ‘आदरपूर्वक संगोपन’ असे छापलेले असते. छापायला काही लागत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात काय घडते तेच पाहावे लागते.

आमच्या बाबतीत ते सर्वांत स्पष्ट दिसले लंगोट बदलण्याच्या टेबलापाशी. मुलीची ठरलेली शिक्षिका मूळची मेक्सिकोची. ती फक्त स्पॅनिश बोलते. डायपर बदलायचा असेल तेव्हा ती मुलीला मागून उचलत नाही. समोर येऊन खाली बसते, दोन्ही हात पुढे करते, काय करायचे आहे ते सांगते आणि थांबते. हे थांबणेच महत्त्वाचे. सुरुवातीला मला ते नाटकी वाटले होते, कारण सहा महिन्यांचे मूल काय उत्तर देणार! पण काही आठवड्यांनी मुलगी त्या हातांकडे झुकू लागली, आणि नवव्या-दहाव्या महिन्यात ‘आता पाय वर’ अशा अर्थाचे वाक्य ऐकले की स्वतःच कंबर उचलू लागली. ओले फडके लावण्याआधी शिक्षिका ते तिच्या हाताला टेकवते, म्हणजे गार स्पर्शाने ती दचकत नाही. हातात खेळणे देऊन, लक्ष दुसरीकडे वळवून काम आटोपणे तिथे कटाक्षाने टाळतात, कारण त्या वेळी बाळाचे लक्ष आपल्या अंगाशी चाललेल्या कामावरच असावे असा त्यांचा आग्रह आहे.

दुसरी भाषा बाळापर्यंत पोहोचते ती इथूनच, असे माझे ठाम मत झाले आहे. वर्गात सकाळी स्पॅनिश गाणी होतात, भिंतीवर दोन्ही भाषांतील चित्रफलक आहेत, आणि प्रवेशाच्या वेळी आम्हाला मुख्यतः तेच दाखवले गेले. मुलीवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. उलट दूध, पाणी, बाही, मोजा, वर, खाली हे शब्द तिला आधी कळू लागले, कारण ते एकाच माणसाच्या तोंडून, त्याच कामाच्या वेळी, तिच्याकडे पाहत रोज कानावर पडत होते. वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवतो. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी समोर बसून चिनी बोलले तेव्हा ती त्या भाषेतील ध्वनी ओळखायला शिकली. तेच बोलणे चित्रफितीवरून किंवा ध्वनिफितीवरून ऐकवले तेव्हा शिकली नाहीत. इथे वर्गात पडदा अजिबात नाही, हे म्हणूनच मला गुणाचे वाटते.

मराठीचे काय, हा प्रश्न घरच्या सगळ्यांनी विचारला. ती मागे पडलेली नाही, पण ती राखण्याचे काम सर्वस्वी आमचे आहे आणि केंद्राकडून त्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. शिक्षिकेने आमच्याकडून काही शब्द देवनागरीत नव्हे तर तिला वाचता येतील असे लिहून घेतले होते, झोपताना वापरण्यासाठी. तो भला प्रयत्न होता, एवढेच म्हणेन.

मतभेद झाले ते आजी इथे राहायला आल्या तेव्हा. आपोआप बसता येईपर्यंत बाळाला उशा लावून बसवायचे नाही आणि हात धरून चालवायचे नाही, हा केंद्राचा नियम त्यांना हट्टीपणाचा वाटला. आमची मुलगी पालथी पडणे, सरपटणे, रांगणे हे सगळे करून मग बसू लागली आणि तिचा तोल उत्तम आहे. पण उशांना टेकून बसलेली आमच्या पिढीतली मुलेही व्यवस्थित चालतात, तेव्हा या मुद्द्यावर मी केंद्राइतका आग्रही होणार नाही. रडण्याविषयी मात्र आजींचे म्हणणे मला बरेच पटते. ‘रडत्या लेकराला आधी उचलावं, मग काय ते विचारावं,’ असे त्या म्हणत. केंद्रात आधी जवळ बसून ‘तुला राग आला आहे, मी इथेच आहे’ असे सांगतात आणि मग उचलतात. जाणती शिक्षिका असली की हे दोन क्षणांत होते. नवखी असली की ती वाक्ये म्हणत राहते आणि मूल रडत राहते.

झोप आणि खाणे यांविषयी थोडक्यात. झोपवण्याचे नियम राज्याचेच कडक आहेत: बाळाला उताणे झोपवायचे, पाळण्यात काही ठेवायचे नाही, दुपट्यात गुंडाळायचे नाही, दर १५ मिनिटांनी पाहून नोंद करायची. आजींनी शिवलेली गोधडी त्यामुळे पहिल्याच दिवशी घरी परत आली. केंद्राने आपल्यापुरता शेंगदाण्यालाही मज्जाव केला आहे, म्हणजे डब्यातल्या कोणत्याही पदार्थात कूट चालत नाही. मऊ भात आणि मुगाचे वरण ठेचलेल्या भोपळ्यासह जाते आणि डबा रिकामा येतो. बाटलीने दूध मात्र मांडीवर घेऊनच पाजतात. बाटली हातात देऊन बाळाला आडवे टाकलेले मी एकदाही पाहिले नाही.

आता कमकुवत बाजू. कॅलिफोर्नियाच्या परवाना नियमांनुसार तान्ह्यांच्या वर्गात चार बाळांमागे एक शिक्षिका असली तरी चालते. आमच्या केंद्राने तिनांमागे एक ठेवण्याचे सांगितले आहे आणि सकाळी ते पाळले जाते. दुपारी चारनंतर दोन वर्ग एकत्र होतात, बदली कर्मचारी येतात, प्रमाण चारावर जाते, आणि त्याबरोबर स्पॅनिशही संपते आणि थांबणेही संपते. नियमभंग कुठेच होत नसतो. पण एकीने चार बाळे सांभाळायची, त्यांतली दोन भुकेली, एकाचा डायपर भरलेला, तर खाली बसून हात पुढे करायला सवड कुठून येणार? साडेपाचला घ्यायला गेल्यावर मुलगी मागून उचलली जाताना मी अनेकदा पाहिली आहे. मध्यंतरी ठरलेली शिक्षिका दोन महिने रजेवर होती. तिच्या जागी आलेल्या बाई प्रेमळ होत्या, परंतु इंग्रजी बोलणाऱ्या. त्या काळात मुलीची दुपारची झोप विस्कटली आणि ओळखीच्या स्पॅनिश शब्दांना ती प्रतिसाद देईनाशी झाली. शिक्षिका परतल्यावर दोन्ही गोष्टी हळूहळू मार्गी लागल्या. रजेची पूर्वसूचना आम्हाला फक्त ॲपवर, आदल्या संध्याकाळी मिळाली, ही माझी केंद्राबद्दलची सर्वांत मोठी तक्रार आहे. ज्या पद्धतीत बाळाला प्रत्येक गोष्ट आधी सांगायची असते, तिथे पालकांनाही चार दिवस आधी सांगायला हवे होते.

फी घरभाड्याच्या जवळपास जाते, म्हणून कुणी विचारले तर मी सांगेन की केंद्र पाहायला सकाळी दहाला जाऊ नका, संध्याकाळी पाचला जा, डायपर बदलताना उभे राहा, आणि माहितीपत्रकाऐवजी तान्ह्यांच्या वर्गातील शिक्षिका किती वर्षे टिकल्या आहेत ते विचारा. दीड वर्षानंतर मुलांना वरच्या गटात हलवता येते आणि तिथे सहांमागे एक शिक्षिका चालते. आमच्या मुलीला त्या गटात नेताना तीच शिक्षिका सोबत जाईल का, असे आम्ही लेखी विचारले आहे. उत्तर हो आले तर पुढचे वर्ष इथेच काढू. नाही आले तर दुपारपर्यंतच पाठवू आणि उरलेल्या वेळाची सोय घरी करू.