किराणा दुकानातला साउंडबॉक्स : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सेलूकडच्या एका बाजारगावात, किराणा दुकानाच्या काउंटरवर यूपीआयने पैसे आले की रक्कम बोलून सांगणारा हा डबा आठ महिने सकाळपासून रात्रीपर्यंत चालू आहे. कंपनी कोणतीही घ्या, आत सिमकार्ड, बॅटरी आणि स्पीकर एवढंच असतं. पैसे जमा झाल्याचा निरोप त्या सिमवर येतो, म्हणून दुकानदाराचा फोन बंद असला तरी डबा मराठीत रक्कम सांगतो. गर्दीत हात तेलाचे असताना याची किंमत कळते.

त्रास होतो तो रेंजचा. पत्र्याच्या दुकानात आतल्या फळीवर ठेवला की डबा मुका होतो. दर्शनी बाजूला, शटरजवळ ठेवा. लाइट जाऊन टॉवरही बसला की जास्त घोळ. पैसे खात्यात पडतात पण आवाज येत नाही, आणि दहा मिनिटांनी चार रकमा एकापाठोपाठ बोलल्या जातात. कोणती कुणाची, पत्ता लागत नाही. त्या वेळी व्यापारी अ‍ॅपमध्ये रक्कम, वेळ आणि यूटीआरचे (प्रत्येक व्यवहाराच्या क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे जुळवा. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण पुरावा धरू नका, तसाच स्क्रीन दाखवणारी बनावट अ‍ॅप्स सर्रास फिरतात. रोज दुकान उघडल्यावर घरातल्या दुसऱ्या फोनवरून स्कॅन करून १ रुपया टाका: नाव आपलंच दिसतं का आणि डबा बोलतो का, दोन्ही कळतं. रात्रीतून आपल्या क्यूआरवर दुसराच चिकटवल्याचे प्रकार होतात.

"कट झाले, पण आले नाहीत" म्हटलं की लगेच पुन्हा स्कॅन करायला लावू नका, दोनदा जातात. दुकानापर्यंत न पोचलेली रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. गिऱ्हाइकाला हे शांतपणे सांगा. बिचाऱ्याची दिवसाची मजुरी अडकलेली असते.

दहा-वीस रुपयांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना यूपीआय लाइट (छोट्या खर्चासाठी अ‍ॅपमध्येच आधी थोडे पैसे भरून ठेवायची सोय) चालू करून द्या. पिन लागत नाही, आणि संध्याकाळी बँकेचा सर्व्हर अडला तरी बहुधा व्यवहार होतो.

बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून एमडीआर (दुकानदाराकडून दर व्यवहारामागे घेतलं जाणारं शुल्क) नाही, त्यामुळे खर्च डब्याच्या भाड्याचाच, महिन्याला साधारण १०० ते १२५ रुपये. ते जमेतून परस्पर कापलं जातं, डबा मुका असलेल्या दिवसांचंही. हे मात्र पटत नाही. दिवसाला पाच-सातच व्यवहार असतील तर घेऊ नका, अ‍ॅपची सूचना पुरते. आणि बाजाराच्या दिवशी गल्ल्यात सुट्टे ठेवाच, दुपारी टॉवरवर ताण आला की निम्मे लोक पुन्हा नोटा काढतात.