क्युब्ससाठी लॅपटॉप: एक्स२३०, टी४८० की कोरा करकरीत?

म्हापशातल्या माझ्या वकील मैत्रिणीला विंडोजऐवजी क्युब्स ओएस हवी आहे, म्हणजे कामं वेगवेगळ्या कप्प्यांत तोडून सुरक्षा देणारी ऑपरेटिंग सिस्टीम. अशिलांचे जमिनीचे कागद एका कप्प्यात, अनोळखी मेलमधून आलेल्या फायली दुसऱ्यात, बँक तिसऱ्यात. क्युब्समध्ये प्रत्येक कप्पा म्हणजे झेनवर (एका यंत्रात अनेक संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणारा वेगळा आभासी संगणक. एवढे संगणक एकदम चालवायचे तर रॅम लागतेच. किमान ६ जीबी सांगतात, शिफारस १६ची आहे. तिच्या कामाला मी ३२ धरते.

इथेच थिंकपॅड एक्स२३० मागे पडतो. २०१२चं मॉडेल, दणकट, कीबोर्ड सुरेख, क्युब्सच्या प्रमाणित यादीत त्याच्या खास तयार केलेल्या आवृत्त्याही आहेत. पण रॅम १६ जीबीच्या पुढे जात नाही. शिवाय क्युब्स सुरक्षेसाठी हायपरथ्रेडिंग (प्रोसेसरच्या एका कोअरकडून दोघांचं काम करून घेण्याची सोय) बंद ठेवते, त्यामुळे हाती उरतात दोनच कोअर.

थिंकपॅड टी४८० २०१८चा. इंटेलचा आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर असलेला घेतलात तर चार कोअर, रॅमचे दोन खाचे, ३२ जीबी आरामात. मागची बॅटरी लॅपटॉप चालू असतानाच बदलता येते. पावसाळ्यात लाईट गेली की इथे ह्याची किंमत कळते. एनव्हिडियाचं ग्राफिक्स असलेला टी४८० मात्र नको, क्युब्सचं त्याच्याशी नीट जमत नाही. नुसतं इंटेलचं पुरे. त्याच कारणाने नवे गेमिंग लॅपटॉप मी विचारातच घेतले नाहीत.

पैसे असतील तर नेदरलँड्सच्या नोव्हाकस्टमचा व्ही५४ प्रमाणित आहे, फर्मवेअर (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) कोअरबूट ह्या मुक्त प्रकल्पावर आधारलेलं. कुरिअरने मागवला तर सीमाशुल्क बसतं. कुणी नातलग परदेशातून येणार असेल तर अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो.

तिच्यासाठी मी टी४८०च सुचवला. जुना घेताना काउंटरवरच चालू करा, एफ१ दाबून बायोस, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्ज उघडा, सिक्युरिटीत जाऊन व्हर्च्युअलायझेशन उघडा. तिथे व्हीटी-डी नावाची ओळ दिसली पाहिजे आणि ती चालू करता आली पाहिजे. तिच्याविना नेटवर्क कार्डाला वेगळ्या कप्प्यात कोंडून ठेवता येत नाही. बायोसला जुन्या मालकाचा पासवर्ड असेल आणि दुकानदाराला तो ठाऊक नसेल, तर लॅपटॉप कितीही स्वस्त मिळो, तिथेच ठेवा.