प्रेअरी झिनिया: बी नको, रोप घ्या

न्यू मेक्सिको, कोलोरॅडो, ॲरिझोनातल्या नर्सऱ्यांत उन्हाळ्याच्या तोंडाशी प्रेअरी झिनियाचं (झिनिया ग्रँडिफ्लोरा) रोप येतं, तेव्हा कुंडीत गवतासारख्या चार काड्याच दिसतात. तेवढ्यावरून नाकारू नका. रॉक गार्डनमधल्या रखरखीत, उतरत्या जागेसाठी इतकं चिवट रोप क्वचितच मिळेल.

आपल्या अंगणातल्या उंच, एका हंगामाच्या झिनियाची ही बहुवर्षायू बहीण. उंची जेमतेम 10 ते 20 सेंटिमीटर, पण जमिनीखालून खोड सरकवत ही दगडांच्या फटींतून पसरते, सतरंजीसारखी जागा धरते आणि उतारावरची माती रोखते. फूल जवळून बघावं: बहुधा चार-पाच रुंद पिवळ्या पाकळ्या, मधला गाभा केशरी-लालसर. जुन्या झालेल्या पाकळ्या गळत नाहीत, कागदासारख्या वाळून तिथंच राहतात. त्यामुळे बहर ओसरला तरी ताटवा उघडा पडत नाही.

बियांच्या पाकिटावर पैसे घालवू नका; उगवण फार बेभरवशाची. रोप घेताना मात्र घाई करायची नाही. मुळं ठिसूळ असतात, कुंडीतून काढून माती झटकली की तुटतात आणि रोप हमखास दगावतं. आधी भरपूर पाणी द्या, कुंडी उलटी करून गोळा अख्खाच उतरवा. दोन रोपांत 30 ते 45 सेंटिमीटर अंतर ठेवा. लागवड माती चांगली तापल्यावरच. शरद ऋतूत लावलेलं रोप मूळ धरण्याआधीच थंडीत सापडतं.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खोलवर पाणी, पुढे दोन-तीन आठवड्यांनी पुरतं. खत नको. लाकडाच्या सालीचं आच्छादन तर अजिबात नको: बुंध्याशी ओल राहते आणि हिवाळ्यात मूळकूज होते. बारीक खडी पसरावी. मुरमाड, चुनखडीची जमीनही चालते. अट एकच, निचरा.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती माळ्याच्या उतावीळपणानं. वसंतात शेजारची झाडं हिरवी झाली तरी हिच्या वाळक्या काड्या तशाच असतात, आणि लोक मेली समजून उपटतात. जमीन तापल्याशिवाय ही कोंब काढत नाही. थंड भागात मे संपेपर्यंत थांबा.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर मात्र ही लावू नये. चार महिन्यांची ओल हिला सोसणार नाही.